कुंडलिकशेठच्या विशेष प्रयत्नांबाबत

मी, गोरख धर्माजी पोखरकर, वय २४ वर्षे, शिक्षण अकरावी (अर्धवट), धंदा असा एक नाही, हंगामात भीमाशंकरला जीप चालवतो, एरवी आहुप्याकडे ट्रेकवाल्यांना वाट दाखवतो, रा. मौजे शेवाळदरा, ता. आंबेगाव, जि. पुणे.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी वडील, आई मंगल व धाकटी बहीण श्रेया यांच्यासह राहतो. मी घरी कमी असतो. श्रेया यंदा बारावी पास झाली. तिला वकील व्हायचं आहे. सातवीत असल्यापासून म्हणते. तेव्हा आम्ही हसायचो.

पुण्यातल्या एका खाजगी लॉ कॉलेजची परीक्षा ती पास झाली. पुढे मुलाखत होती. क्लासच्या सरांनी सांगितलं की मुलाखत घेणारे आधी मुलांचं इन्स्टा, फेसबुक उघडून बघतात. म्हणून तिने मोबाईल घेऊन सगळं साफ करायला घेतलं. हळदीतला डान्स काढला. बैलगाडा शर्यतीच्या घाटातला डायलॉगचा रील काढला. आरक्षणावरून कोणाशी भांडली होती त्या कमेंटी काढल्या. माझ्या बड्डेला मी कोयत्याने केक कापला त्यात ती मागे टाळ्या वाजवताना दिसत होती, तेही मला काढायला लावलं. सदर कोयता ऊस तोडायचा, घरचा आहे. जबाब लिहून घेणाऱ्या मॅडमनी विचारलं म्हणून सांगतो.

मी तिला म्हणालो, "सगळंच काढलं तर मग माझं उरलं काय?"

ती म्हणाली, "उरलास तेवढा पुरे आहेस, दादा."

शेवटी तिच्या खात्यावर वक्तृत्वाचं बक्षीस आणि लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर कचरा उचलतानाचा फोटो एवढंच राहिलं. कचरा तिने खरंच उचलला होता. मी त्या दिवशी पायथ्याला माकडांचे व्हिडिओ काढत बसलो होतो. एका माकडाने बाईच्या हातातली फ्रूटी घेऊन स्ट्रॉ टोचून प्यायली, ते अजून माझ्याकडे आहे. त्याचा इथे संबंध नाही.

मुलाखत चांगली झाली. तात्पुरती निवड झाल्याचा मेल आला. कागदपत्रं तपासून मग प्रवेश पक्का होणार होता. श्रेयाने फक्त आईला सांगितलं आणि कोणाला बोलू नको म्हणाली. आईने फक्त आमचे चुलते सावळेराम यांना सांगितलं. सावळेराम हे कुंडलिकशेठ यांच्या मागेपुढे असतात. शेठना पंचायत समितीला उभं राहायचं आहे.

आमच्याकडे कोणाला काही मिळालं की त्याचा सत्कार होतो. पोलीस भरतीत लागला, सत्कार. बैल पहिला आला, बैलाचा सत्कार. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ शाल, नारळ आणि फोटोवाला घेऊन आमच्या अंगणात आले. श्रेया म्हणाली, "काका, अजून नक्की झालेलं नाही."

शेठ म्हणाले, "आगं बाळा, नक्की कराया आमी हाये की."

आई म्हणाली, "मोठ्या मानसाचा मान ठेव. हू उभी." ती उभी राहिली. फोटोत ती हसत नाही हे कोणीही बघू शकतो.

दुपारपर्यंत शेठच्या पेजवर पोस्ट आली. "मा. कुंडलिकशेठ यांच्या विशेष प्रयत्नांतून शेवाळदऱ्याची कन्या कु. श्रेया हिचा लॉ कॉलेजला प्रवेश निश्चित." खाली कॉलेजच्या खात्याला टॅग केलेलं होतं. तोच मजकूर एसटी स्टँडवरच्या फ्लेक्सवर लागला. त्यात शेठ सर्वांत मोठे, वर साहेब लोक, कडेने कार्यकर्ते. श्रेया खाली कोपऱ्यात, मोबाईल नंबरच्या वर.

नंतर कॉलेजचा मेल आला. तुमचा प्रवेश बाहेरच्या माणसाने करून दिल्याचा जाहीर दावा फिरत आहे. दावा करणाऱ्याने तो खरा नसल्याचं लेखी द्यावं, मुदत गुरुवारपर्यंत. तोवर निवड थांबवली आहे.

श्रेया आणि मी शेठच्या ऑफिसला गेलो. चहा दिला. शेठ म्हणाले, "लिवून काय देऊ? मी कायच केलं न्हाई म्हनून?"

श्रेया म्हणाली, "हो काका. तुम्ही काहीच केलं नाही. तेवढंच लिहा."

सावळेराम मध्ये बोलले, "पोरी, लोकं शेठकडं कामं घिऊन येत्यात. आन् आपल्या हातून कायच व्हत न्हाई असं शेठच लिवून देनार व्हय? इलेक्शनच्या तोंडावर?" सगळे हसले. शेठही हसले. पोस्ट तरी काढा म्हणालो तर म्हणाले, "लई लाईक आल्यात राव. रविवारच्या सभेनंतर बघू."

गुरुवार गेला. शुक्रवारी कॉलेजने ती जागा यादीतल्या पुढच्याला दिली. आई त्या दिवसापासून सावळेरामांचा फोन उचलत नाही. श्रेयाने जुन्या प्रश्नपत्रिका बांधून माळ्यावर टाकल्या.

शनिवारी सकाळी मी स्टँडवर गेलो. चहावाल्याची शिडी घेतली. फ्लेक्स फाडला हे खरं नाही. मी फक्त माझ्या बहिणीचा चेहरा ब्लेडने कापून घेतला. कोयत्याने नाही. शेठना व इतर कोणाला हात लावला नाही. लोक बघत होते, कोणी अडवलं नाही. एक जण खालून म्हणाला, "भाऊ, सरळ काप, वाकडं चाललंय." कापलेला तुकडा जमा केला आहे.

मी कापत असताना कोणीतरी व्हिडिओ काढून इन्स्टावर टाकला. तो शेठच्या पोस्टपेक्षा जास्त चालला आहे. वर लिहिलंय, "वकीलबाईच्या भावाचा राडा". श्रेयाने तो मला दाखवला. म्हणाली, "दादा, आता माझं नाव टाकलं की पहिलं हेच येतं." मग तिने तिचं खातं बंद केलं. बक्षीस आणि लेण्याद्रीचा फोटो त्याच्याबरोबर गेला.

आज मी बाकावर बसलो असताना शेजारच्या टेबलावर शेठची फिर्याद लिहून घेत होते. ठाण्याच्या साहेबांनी त्यांना विचारलं, "शेठ, हे विशेष प्रयत्न म्हणजे काय केलंत? कॉलेजात कोणाला भेटलात, काही दिलंत का?" शेठ लगेच म्हणाले, "छ्या छ्या साहेब, माजा काय संबंध? म्या त्या कॉलेजचं दार बी बघितलं न्हाई. पोरगी सोताच्या मार्कावर लागली. आपुन निसतं अभिनंदन केलं." साहेबांनी तसं लिहून घेतलं. शेठनी खाली सही केली.

एवढंच आम्ही गुरुवारपर्यंत मागत होतो.

त्या कागदाची नक्कल मिळावी म्हणून मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, अर्ज करा. कॉलेजला पाठवून आता उपयोग नाही हे मला माहीत आहे. तरी अर्ज करणार आहे. तोवर शेठचं वाक्य माझ्या जबाबात घ्या म्हणालो. त्यांनी घेतलं.

हा जबाब मॅडमनी मला वाचून दाखवला. मी सांगितल्याप्रमाणे आहे. माकडाचं काढू का म्हणाल्या, मी राहू द्या म्हणालो. शेठचं वाक्य मी परत एकदा वाचायला लावलं. तेही बरोबर आहे.