बरणीवरची रेघ

ब्रश घ्यायला आलेला रंगारी हार्डवेअरच्या दुकानात आपल्या पाळीची वाट बघत होता. पुढची बाई दुकानदाराशी हळू आवाजात बोलत होती.

“भाऊ, परमनंट मार्करची रेघ कशानं जाते?”

“कशावर आहे? भिंतीवर?”

“साखरेच्या बरणीवर. प्लास्टिकची आहे. तेलाच्या बाटलीवर पण.”

“थिनर लावू नका, बरणीची वाट लागेल. स्पिरिट न्या, कापसानं हलक्या हातानं पुसा. पोरांचे उद्योग वाटतं?”

“नाही, ह्यांचे. कामावर जाताना ओढून जातात. आल्यावर बघतात, किती उतरलं ते.”

“मग पुसलेली कळायची नाही?”

“पुसून थोडी खाली ओढते. पोरी शाळेतून येतात ना, भूक लागलेली असते.”

“बरं. अजून काही?”

“काळा मार्कर. जाड टोकाचा.”

तिने पुठ्ठ्यावर रेघ ओढून बघितली.

“बारीक टोकाचाही आहे, ताई. स्वस्त पडेल.”

“मागच्या वेळी बारीकच नेला होता. ह्यांनी रेघ ओळखली.”

टोपण तिला लावता येईना. उजव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली होती. रंगाऱ्याने मार्कर हातात घेऊन टोपण लावून दिलं.