कंदिलाचे दोन चौकोन

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंचे कान समोरच्या बापलेकीकडे होते. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"बाबा, मी बनवतेय त्या गेममध्ये रात्र पडली बघा. कंदिलाभोवती चार-चार चौकोन उजेड."

"तो भिंतीपलीकडेही पडलाय! उजेड काय भिंतीतून आरपार जातो होय गं?"

"अरेच्चा! थांबा, भिंतीपाशी अडवते. आता?"

"आता बरोबर. पण चार चौकोन म्हणजे चैनच. मला गेल्या वर्षी रात्रीचं तेवढं दिसायचं. आता दोन ठेव."

बाईंच्या हातातल्या कागदावर आता याच बाबांचा नंबर होता. त्यांनी तो पुकारला नाही.

"दोन चौकोनांत खेळणारा घरी कसा पोचेल, बाबा?"

"मी पोचतोच ना रोज? फक्त दार जागचं हलवू नकोस. पावलं मोजलेली असतात."