ल्यू कोवालेकची शाल

नाही म्हणाले! तुम्हाला सांगतो, सरळ नाही म्हणाले! ज्या माणसाचा होमरनचा, म्हणजे बॉल थेट कुंपणाबाहेर मारायचा, विक्रम आमच्या इथल्या बेसबॉल टीममधे आजवर कुणाला मोडता आला नाही, त्या ल्यू कोवालेकला पेपरवाल्यांनी मतं टाकून हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या, बाहेर ठेवलं, का तर म्हणे फार वेळा बॅट फिरवून हुकायचा... अहो, जो फिरवणार तो हुकणारच ना? पण लागला की बॉल कुंपणाबाहेर जायचा की नाही, तेवढं सांगा!

तुम्ही म्हणाल, राजाराम, तुझा काय संबंध? आहे संबंध. अठ्ठ्याहत्तर साली आमची ही, सरला, गेली, मुलगी कॉलेजला लांब, आणि इथं परदेशात, पिस्कॅटवेतलं ते एवढं मोठं घर संध्याकाळी नुसतं खायला उठायचं हो... मग रेडिओ लावायचो. बेसबॉलमधलं ओ की ठो कळायचं नाही, पण तो कॉमेंटेटर ओरडायचा, 'कोवालेक! इट्स गॉन!', आणि मी किचनमधे एकटा, वरणभाताचं ताट घेऊन उभा! तेवढाच घरात माणसाचा आवाज. मग त्या माणसाचं काहीतरी करावंसं वाटणार नाही का मला?

म्हणून मराठी मंडळाच्या कमिटीत विषय काढला. म्हटलं, यंदा गणपतीला प्रमुख पाहुणा ल्यू, शाल-श्रीफळ देऊ, रिटायर होऊन इथंच टायरचं दुकान चालवतो बिचारा. झालं! शैलेंद्र, आमचा अध्यक्ष, चष्मा पुसत म्हणतो, 'राजारामकाका, माणूस चांगला असेल, पण शालीची एक पातळी असते.' पातळी? गेल्या वर्षी ती शाल इन्शुरन्स विकणाऱ्याला दिलीत! वीणाताई हळूच, 'काका, त्याचे दोन डिव्होर्स झालेत ना?' अहो वीणाताई, झाले असतील, पण बॉल कुंपणाबाहेर गेला की नाही? तेवढ्यात प्रताप, 'यार, क्रिकेटवाला कुणी मिळत नाही का?' मतं घेतली. बाजूनं एक. माझं. आणि शैलेंद्र काय म्हणाला माहितीय? 'पुढच्या वर्षी बघू.' अगदी त्या पेपरवाल्यांसारखं!

मग काय, स्वतःच शाल घेतली, नारळ घेतला आणि गेलो दुकानात. गिऱ्हाइकं बघतायत, आणि मी टाचा उंच करकरून त्या धिप्पाड माणसाच्या खांद्यावर शाल टाकतोय! त्यानं नारळ कानाशी हलवला, म्हणाला, 'हे कुणाकडून?' म्हटलं, मराठी मंडळाकडून. तर विचारतो, 'मतं किती पडली?' आता आयुष्यभर ज्याला मतांनीच छळलं, त्याच्याशी खोटं कसं बोलू? म्हटलं, एक. वाटलं, चिडेल... तर शाल नीट गुंडाळून घेत म्हणाला, 'एक? मला वाटलं, तेवढंही नसेल.'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो.

आता दर रविवारी तो मला फोन करतो. त्यालाही कोण आहे बोलायला? तासभर बोलतो, आणि ठेवताना विचारतो, 'राजा, हॉल ऑफ फेमचं जाऊ दे, तुमच्या कमिटीत पुढच्या वर्षी माझा कितपत चान्स?' आणि इकडे मंडळाच्या नावानं परस्पर सत्कार केला म्हणून मला कमिटीतून काढून टाकलंय! त्याला कसं सांगू... बाबा रे, तुझं ते जे एक मत होतं ना, तेही आता घरी बसलंय!