लवूच्या घरातलं काम

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोला, इथे दवाखाना आहे, खोकणारी मंडळी बसलीत… कोण सुभद्रा?… अहो वहिनी, तुम्ही होय. मीच बोलतोय, मनमोहन. मनमोहन धैर्यवान… हो, वरून बोलावून आणलं मला. ऑफिसला नाही गेलो. पोट बिघडलंय… तीन दिवस झाले… नाही, खाण्यातलं काही नाही. तुम्ही कुठून बोलताय?… वखारीतून? तरीच म्हटलं मागे हे कर्र कर्र काय चाललंय. जरा करवत थांबवायला सांगा ना त्यांना… नाही थांबवत? बरं, राहू दे. बोला.

…चार वाजता? आज?

थांबा, थांबा. सावकाश सांगा. लवूला मॅनेजरने बोलावलंय. चार वाजता. बरं… आणि एका कागदावर सही मागतोय. कसला कागद?… इंग्रजीत आहे. मग त्यात काय आहे ते कसं कळलं?… खात्याच्या मास्तरने तोंडी सांगितलं. काय सांगितलं?… 'मिलच्या माणसाने मिलीत केलेली वस्तू मिलची.' हं… हं. म्हणजे धोट्यातून सूत ओढायचा तो रबरी फुगा त्यांचा.

सही केली की संपलं, वहिनी. मग उद्या लवूने घरी बसून तोच फुगा केला तरी तो चोर ठरेल. आणि मिलवाले तो कामगारांना देतील असंही नाही. कपाटात टाकून ठेवतील, आणि माणसं आपली पूर्वीसारखी धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत शोषत बसतील. दिवसपाळीवाल्याच्या तोंडचा धोटा रात्रपाळीवाल्याच्या तोंडी… हो, हो, रामजीचं मला माहीत आहे. लवूचा थोरला भाऊ तो माझाही कोणी होताच ना. शेवटी भेटायला गेलो होतो तेव्हा ओळखला नाही मी त्याला. बत्तीस वर्षांचा माणूस, क्षयाने गेला… नाही, विसरलेलो नाही. कसा विसरेन.

…काय म्हणालात? लवू सही करणार नाही?… 'आमचा अर्ज कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत गेलाय, मनमोहनभाऊंनी स्वतः भरलाय' असं सांगणार? मॅनेजरला?… आणि पावती दाखवणार.

हं.

नाही, ऐकतोय. ऐकतोय ना… पावती. पावतीचं असं आहे वहिनी… अहो कंपाउंडर, तुम्ही काय बघताय, तुम्ही बाटल्या भरा… तुम्हाला नाही, वहिनी, कंपाउंडरला म्हणालो. पावतीचं असं की… आज उकडतंय फार, नाही?

…हो. बरोबर आहे. हवेचं बोलायला तुम्ही फोन केलेला नाही.

वहिनी, अर्ज परत आलाय.

…हॅलो?… आहात ना? करवत ऐकू येतेय म्हणजे आहात. शनिवारी आला… हो, आज मंगळवार… हो, तीन दिवस. पोट तेव्हापासूनच. आता तुम्ही म्हणाल, आडनाव धैर्यवान आणि… नाही म्हणत? म्हणा, खुशाल म्हणा. मी शनिवारपासून स्वतःला तेच म्हणतोय. काल दोनदा लालबागच्या ट्रामसाठी जाऊन उभा राहिलो, दोनदा परत आलो. दुसऱ्यांदा तर ट्राम समोर येऊन थांबली होती. कंडक्टर 'चला' म्हणाला, तर मी त्याला वेळ विचारली.

…का परत आला? त्यांचं काही चुकलं नाही हो. माझंच. पत्त्यात एक जरा… तुम्ही हसणार नाही असं आधी सांगा… बरं, निदान रागावणार नाही असं तरी… तेही नाही. बरं.

राज्याचं नाव लिहायचं होतं. मी लिहिलं, 'संयुक्त महाराष्ट्र'.

…हो. अर्जावर. सरकारी… ठळक अक्षरात. आणि खाली रेघ मारली. दोन रेघा.

…अहो, शुद्धीवर होतो. आमच्या चाळीत ठराव झालाय ना, आपलं राज्य येईपर्यंत कोणी 'मुंबई राज्य' म्हणून लिहायचं नाही. ठराव मांडला कोणी, तर मी. अनुमोदन कोणी दिलं, तर कमळाबाईंनी. त्या इथेच बसल्यात गुडघा घेऊन… नाही कमळाबाई, तुम्हाला काही नाही, ठरावाचं चाललंय… तर दोन वर्षं मी सगळीकडे हेच लिहितोय, वहिनी. आणि सगळी पत्रं पोचतात. का पोचतात, तर पोस्टमन समितीचा, रेशनचा कारकून समितीचा, दूधवाला भय्या असून समितीचा. मला वाटायला लागलं की राज्य आलेलंच आहे, नुसतं दिल्लीला कळायचं राहिलंय. आता कलकत्त्यातल्या कारकुनाला बिचाऱ्याला काय कप्पाळ ठाऊक. त्याने फार सभ्यपणे लिहिलंय. या नावाचं राज्य आमच्या यादीत सापडत नाही, तरी अर्जदार कोणत्या देशाचा रहिवासी आहे ते कळवावं.

…हसलात? हसलात ना?… खोकला होता. बरं.

…तारखेचं तेच तर आहे. अर्ज पोचला ती तारीख आपल्या हक्काची. परत आला म्हणजे ती गेली… हो, मिलने आधी पाठवला तर ते पुढे, आपण मागे भांडत बसायचं… हो. माझ्यामुळे. वहिनी, तुम्हाला आठवतं ना, पेटंटचा कायदा बदलायचा दिल्लीत विचार चाललाय म्हणून मी एक निवेदन पाठवलं होतं? चार पानी. ज्याच्यामागे वकील नाही, कारखाना नाही, अशा एकट्या शोधकाला कायद्याने सांभाळावं म्हणून. लवूला वाचूनसुद्धा दाखवलं होतं… नाही, उत्तर नाही आलं… हो. त्याच्यावरही तोच पत्ता. आता वाटतं, पाचवं पान जोडायला हवं होतं. एकट्या शोधकाला त्याच्या सुशिक्षित मित्रांपासूनही सांभाळावं.

थट्टा सोडा. सत्याग्रहात पकडलं तेव्हा आठ दिवस आम्ही एका कोठडीत काढले. लवूने स्वतःची घोंगडी मला दिली होती, माझी हाडं शहरी म्हणून. आणि मी त्याला हे दिलं. मला लाज वाटते, वहिनी. फार लाज वाटते.

…हो, नवा भरतो ना. कोरा फॉर्म आहे, खिशातच आहे… शनिवारपासून… मग भरला का नाही? अहो, तो ठराव… हो… हो, पण सगळ्यांच्या समोर मी… हो… बरोबर आहे… 'ठराव तुमचा आणि छाती आमच्या माणसाची.'

एक मिनिट हं. कमळाबाई, ऐका, मी आज सरकारी कागदावर 'मुंबई राज्य' लिहिणार आहे… काय?… कधी?… वहिनी, कमळाबाई म्हणतात त्यांनी मागच्याच महिन्यात लिहिलं. लेकीच्या पार्सलवर. म्हणे लोणचं पोचायला नको का. म्हणजे दोन वर्षं या चाळीत ठराव पाळणारा मी एकटाच. बरं झालं, विचारलं तरी.

पण वहिनी, पत्ता सुधारला तरी मिलचं म्हणणं राहतंच. मिलीत केलेली वस्तू मिलची. त्याची तजवीज मात्र मी केली होती, तेवढं श्रेय द्या मला. अर्जात स्पष्ट लिहिलं होतं, वस्तू अर्जदाराच्या राहत्या घरी तयार झाली… हो, लवूनेच सांगितलं होतं. त्याचे शब्द वहीत टिपून ठेवलेत मी. 'ह्या काम मिलीतला नाय, आमच्या घरातला.' मी म्हटलं, झकास. घरी केलं, मिलीत नाही. मुद्दा पक्का… काय झालं?… का हसता? आता खोकला म्हणू नका.

…म्हणजे? 'घरातला' म्हणजे… थांबा. थांबा, वहिनी. त्या करवतवाल्याला माझ्यातर्फे हात जोडा पण दोन मिनिटं थांबवा… हां. आता सांगा. फुगा कोणाचा?

…तुमचा?

…तुमच्या लेकीच्या, शेवंतीच्या नाकात थेंब घालायची नळी. तिचा रबरी फुगा. हं… आणि आतली तार?… केसांतला आकडा. पाट्यावर ठोकून वाकवलात… किती वेळा?… अकरा. अकराव्या वेळी सूत आलं. आणि धोटा?… तो लवूने आणला होता, मोडका, भंगारातला. शेवंतीला खेळायला. मग लवूने काय केलं?… मिलीत नेऊन लावून बघितला. बस?… बस.

आणि तो मला सांगत होता. 'आमच्या घरातला.' वहिनी, माझे वडील जन्मभर आईबद्दल 'घरात विचारतो', 'घरात बरं नाही' असंच बोलले. मी स्वतः चारचौघांत बायकोबद्दल तेच बोलतो. आणि लवू तसं बोलला तर मी त्याचं इंग्रजी केलं, भिंती आणि छप्पर. वीस वर्षं सॉलिसिटरकडे कारकुनी केलेला माणूस मी.

…नाही, तो खोटं नाही बोलला. नाव घेतलं नाही एवढंच. पण तुम्ही तरी बोलायचं… हो, आठवतंय ना. मी तुमच्याकडे आलो होतो, तुम्ही चहा आणलात. मी म्हटलं, 'वहिनी, नवऱ्याने काय अजब डोकं चालवलंय तुमच्या.' आणि तुम्ही… हो. साखर हवी का विचारलंत. मी दीड चमचा म्हणालो.

…एक विचारू? रागावू नका. मिलच्या तावडीतून सुटायला हे आज सुचलेलं नाही ना? तिथे शपथेवर लिहून द्यायचं असतं म्हणून… बरं. बरं, सांगा… नळीचं तोंड केवढं ठेवलंत?… तांदळाच्या दाण्याएवढं. का?… मोठं ठेवलं तर सूत आत गुंडाळतं. आणि बारीक ठेवलं तर गाठ अडकते… हे लवूला मी तीनदा विचारलं होतं. तो म्हणायचा, 'ता असाच लागता.' पुरे, वहिनी. पटलं. माफ करा मला.

अहो, पण मग… ऐका ना. ऐका. अर्जात शोधक म्हणून मी लवूचं नाव घातलं होतं. तो मंजूर झाला असता तरी टिकला नसता. मिलचा वकील उभा राहिला असता, हे कोणी केलं म्हणाला असता, आणि लवूने पहिल्याच झटक्याला सांगितलं असतं, 'आमच्या घरातला.' म्हणजे परत आला ते… नाही, नाही, माझी हुशारी कुठे म्हणतोय. माझ्या एका गाढवपणाने दुसरा अडवला, इतकंच.

आणि तुम्ही मिलीत नोकरीला नव्हता ना कधी?… एक दिवससुद्धा?… मग झालं. मिलच्या माणसाने केलेलंच नाही, तर मिल कुठल्या तोंडाने मागणार? लवूला सांगा, सही करायची नाही, कारण सही करून द्यायला त्याच्याकडे काही नाहीच. चार वाजता मॅनेजरसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, हे माझं नाही, माझ्या बायकोचं आहे. आणि 'घरातला' म्हणायचं नाही. तिथेही कोणीतरी इंग्रजी करायला बसलेला असेल. नाव घ्यायचं, सुभद्रा म्हणून… नाही घेणार? अहो, लाठीसमोर छाती काढून उभा राहिला होता तो… लाजेल, लाजू दे. लाजत लाजत घेऊ दे.

कंपाउंडर, तुमचा टाक द्या जरा… नाही, औषधाची चिठ्ठी नाही… हां, वहिनी, लिहितोय. सुभद्रा… मधलं नाव तुम्ही सांगणार नाही, ते मला ठाऊक आहे. मी घालतो. घाडी. राहणार लालबाग, मुंबई… हो, लिहिलं. 'मुंबई राज्य'. लिहिलं एकदाचं. रेघ नाही मारली.

सही तुमची लागेल. येते ना?… मराठीत चालेल, न चालायला काय झालं. मग तिथेच थांबा, वखारीत. मी आत्ता निघतो. सही झाली की तिथून थेट पोस्टात, रजिस्टर करतो आणि पावती तुमच्या हातात देतो. चारच्या आत मिलच्या फाटकावर लवूला ती मिळायला हवी… नाही, वेळ नाही विचारत बसणार कंडक्टरला.

…वाचून दाखवू? हो, तुमचा हक्कच आहे. मराठी करून सांगतो. नाही, भीती नको, या वेळी शब्दाला शब्द. 'मी, सुभद्रा लवू घाडी, असं जाहीर करते की वर वर्णन केलेल्या वस्तूची खरी आणि पहिली शोधक मीच आहे.'

…हॅलो?

…वहिनी?… कोणता शब्द?… 'पहिली'? नाही हो. मी नाही घातलेला… शप्पथ, मी नाही. माझ्या हातचं त्या ओळीत फक्त तुमचं नाव… हो. छापील आहे, वहिनी… छापील. सगळ्यांच्याच कागदावर असतं… हो, थांबा तिथेच, निघालोच मी.