दाराशी काढलेले बूट

पणजोबा आस्ब्यर्न, आजोबा हाल्वार आणि वडील तोरकेल हे तिघेही धर्मगुरू होते. त्यांना कोणी कधी हसले नाही. त्यांच्या कुळातली मी राग्नफ्रिद, निवृत्त शिक्षिका, एका खूनसत्राच्या चित्रपटात तिसरा बळी झाले. खेळ सुटल्यावर पुढच्या रांगेतल्या दोघी माझ्याविषयी काय बोलतात, म्हणून मी कान टवकारले.

“अंगावर काटा आला होता गं, आणि मध्येच ती म्हातारी! मागे कुऱ्हाड, अन् ही दारात बूट काढून जोडीनं लावते!”

“तिनं डोळे वटारल्यावर खुन्यानंही काढले!”

“अगं, त्या आमच्या बाई! मी चिखलाचे बूट घालून वर्गात गेले, तर सगळ्यांदेखत फरशी पुसायला लावली. अख्खा वर्ग हसला. चाळीस वर्षं सलत होतं.”

“आणि आज?”

“आज अख्खं थिएटर त्यांना हसलं. सगळ्यांत मोठ्यानं मी.”

“फिटलं, तुरिद. व्याजासकट,” मी मागून म्हणाले.