नानकटाईची रांग

दिवाळी तोंडावर आली होती. इक्बालभाईंच्या जळक्या बेकरीपुढं पीठ, तूप, साखरेचे डबे घेतलेली रांग बघून अदिती थबकलीच. तिनं रांगेत सगळ्यात पुढं उभ्या असलेल्या मावशीला विचारलं.

"मावशी, बेकरी बंद हाय न्हवं?"

"बंदच. मुसलमानाची म्हणून पेटवली. धाकटा भाऊ रियाज आत होता, गेला. भाई म्हणत्यात, भट्टी परत लावणार न्हाय."

"मग रांग कशापायी?"

"दरसाल नानकटाई इथंच भाजून नेतो की."

"आन् न्हाईच उघडलं तर?"

"उद्या परत यायचं."

"हाक तरी मारायची."

"दुःखातल्या माणसाला कशी मारायची, बाई?"

शटर करकरत वर गेलं. इक्बालभाईंनी रांगेवरून नजर फिरवली.

"पयला डबा कुणाचा?"

मावशीनं डबा पुढं केला. "रियाजच्या पोरांचा. समद्यांनी मूठमूठ घालून भरलाय."