एकट्याचं ताट

ऐका मंडळी! आज एकच सवाल — पोरगा दारूचा पहिला घोट कशापायी घेतो? चवीपायी? अहो, चव असती तर तोंड वाकडं करून कुणी प्यायलं असतं का! मागं कोण हसलं? जाणकार दिसतोय!

तर बोरवडीचा मल्हारी. डिप्लोमा शिकायला शहरात गेला, वसतिगृहात राहिला. घर पहिल्यांदाच सुटलेलं. तिथली रीत ऐका — शनिवारी गच्चीवर गोल करून बसायचं, एकच पेला फिरवायचा. नव्या पोरानं तो प्यायचाच. नाही म्हणेल, त्याच्याशेजारी मेसमध्ये कुणी जेवायला बसायचं नाही. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. नुसतं शेजारी बसायचं नाही! वाळीत टाकणं बंद झालं म्हणतो आपण — पोरांनी गच्चीवर चालू ठेवलंय!

दुसऱ्या वर्षाच्या प्रणवनं मल्हारीपुढं पेला धरला. वास आला — ओळखीचा! बापाच्या सदऱ्याला यायचा, तोच. त्या वासानं आईचा चेहरा कसा उतरायचा, ते पोरानं लहानपणापासून पाहिलेलं. म्हणाला, "दादा, मला नको."

झालं! दुसऱ्या दिवसापासून लांबलचक बाक आणि टोकाला एकटा मल्हारी. आठवडाभर सोसलं, मग शुक्रवारी जेवताना मनाशी म्हणाला, उद्या पितो, मिटवून टाकतो. बघा मंडळी — तहान दारूची नव्हती, माणसाची होती!

तेवढ्यात समोर ताट आदळलं. मान वर करतो तर प्रणव! पेला धरणारा तोच! हळू आवाजात म्हणाला, "गेल्या वर्षी या बाकावर असं एकटं बसायची भीती वाटली, म्हणून प्यालो. तू बसलास. भाजी वाढ मला."

शनिवारी दोघंही गच्चीवर गेले नाहीत. हळूहळू तो बाक निम्मा भरला. गच्ची ओस पडली का? नाही, खोटं कशाला सांगू! पण नाही म्हणणाऱ्याला आता सोबत आहे.

आता तुमच्याकडे वळतो. वरातीत पेला घेताना पोरगं बघतंय, हे ठाऊक असतं ना? आणि तेच पोरगं सुट्टीला घरी आलं की त्याच्याशेजारी कोण जेवतं? तुम्ही टीव्हीपुढं, ते मोबाइलपुढं!

आज कीर्तन सुटल्यावर महाप्रसाद आहे. आपापल्या पोराशेजारी जाऊन बसा. उपदेश करू नका, तो मी केलाय. एवढंच म्हणा — "बाळा, भाजी वाढ मला."